संधी आणि सन्मान : अमेरिकेतील ग्रामीण युवक-मंडळांचा एक अध्याय

ग्रामीण तरुणांच्या उन्नतीसाठी चालणाऱ्या कोणत्याही योजनेचा अहवाल हाती घेतला, तर त्यात संधी आणि सन्मान हे दोन शब्द हमखास आढळतात. त्यांची जोडी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, पहिली मिळाली म्हणजे दुसरा तिच्या पाठोपाठ आपोआप येतो, अशी आपली समजूत होऊन बसते. ही समजूत एकदा तपासून पाहावी, असे आम्हांस वाटते. कायद्याच्या व्यवसायात उमेदीची वर्षे घालविलेल्या माणसास एक खोड जडलेली असते. एखादी चांगली गोष्ट दिसली की ती कोणी दिली, कोणाच्या अधिकाराने दिली आणि उद्या ती काढून घेण्याची सत्ता कोणाकडे आहे, हे विचारल्यावाचून त्याला राहवत नाही. याच प्रश्नांच्या आधाराने आम्ही येथे अमेरिकेतील ‘फोर-एच’ या युवक-चळवळीचा इतिहास चाळणार आहोत. देश दूरचा असला, तरी त्यातून निघणारा निष्कर्ष आपल्या गावच्या वेशीपर्यंत येऊन पोहोचतो.

१९०२ च्या जानेवारीत ओहायो राज्यातील क्लार्क काउंटीत ए. बी. ग्रॅहॅम नावाच्या शाळाखात्याच्या अधिकाऱ्याने शेतकऱ्यांच्या मुलामुलींचे एक मंडळ स्थापन केले. मातीची परीक्षा कशी करावी, मक्याचे बियाणे कसे निवडावे, अशा साध्या प्रयोगांपासून त्याचा आरंभ झाला. पाच वर्षांनी, १९०७ साली, दक्षिणेकडील मिसिसिपी राज्यातील होम्स काउंटीत मुलांची मका-मंडळे निघाली. १९१० साली दक्षिण कॅरोलायनातील एकेन काउंटीत मेरी क्रोमर या शिक्षिकेने मुलींना एक दशांश एकर जमिनीवर टोमॅटो पिकवून ते डबाबंद करण्यास शिकविले. वडील माणसे नव्या पद्धतीवर सहजी विश्वास ठेवीत नसत. मुलांच्या तुकड्यातील पीक डोळ्यांनी पाहिले म्हणजे मात्र त्यांची खात्री पटे. मुलाच्या हाताने बापाला शेती शिकवावी, असा हा मार्ग होता.

या मार्गाचे खरे सामर्थ्य गौरवाच्या व्यवस्थेत होते. मक्याच्या स्पर्धेत अव्वल ठरलेल्या चार मुलांना १९०९ साली वॉशिंग्टनला नेण्यात आले आणि शेतीखात्याच्या मंत्र्यांकडून त्यांना प्रशस्तिपत्रे मिळाली. पुढच्याच वर्षी दक्षिण कॅरोलायनातील जेरी मूर या पंधरा वर्षांच्या मुलाने एका एकरात २२८ बुशेलांहून अधिक मका पिकविला. त्या प्रांतातील नेहमीच्या उत्पन्नाच्या हे कित्येक पट होते आणि त्याचे नाव देशभर झाले. क्रोमरबाईंनी आपल्या टोमॅटो-मंडळातील अव्वल मुलीसाठी विन्थ्रॉप महाविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळविली. खेड्यातील मुलीला टोमॅटोच्या वाफ्यातून महाविद्यालयाची वाट सापडली. संधी आणि सन्मान यांची गाठ येथे इतकी घट्ट बसली होती की, दोन्ही एकच वाटावीत.

पुढे या मंडळांना ‘फोर-एच’ हे नाव पडले. हेड, हार्ट, हॅण्ड्स आणि हेल्थ, म्हणजे मस्तक, अंतःकरण, हात आणि आरोग्य, या चार शब्दांची आद्याक्षरे चार पाकळ्यांच्या हिरव्या पानावर कोरून त्याचे बोधचिन्ह झाले. हे चिन्ह अधिकाराशिवाय वापरणे संघराज्याच्या कायद्याने गुन्हा ठरविण्यात आले. इतक्या कडेकोट संरक्षणाखाली ठेवलेले हे चिन्ह छातीवर लावण्याचा मान मात्र सर्वांना सारख्याच तऱ्हेने मिळत होता काय?

या प्रश्नाचे उत्तर मुलांच्या शेतात सापडत नाही. ते कायद्याच्या कलमात सापडते. ८ मे १९१४ रोजी अमेरिकेत स्मिथ-लीव्हर कायदा झाला. शेतीचे ज्ञान महाविद्यालयांतून शेतकऱ्यांच्या दारापर्यंत नेण्यासाठी संघराज्याने पैसा द्यावा आणि राज्यांनीही आपला वाटा घालावा, अशी त्याची योजना होती. युवक-मंडळांना त्यामुळे कायमचा आधार मिळाला. परंतु दक्षिणेतील राज्यांत शेतकी महाविद्यालये दोन प्रकारची होती : गोऱ्यांची जुनी, आणि १८९० च्या मॉरिल कायद्यानंतर निघालेली किंवा मान्यता पावलेली कृष्णवर्णीयांची. एखाद्या राज्यात अशी दोन महाविद्यालये असतील, तर निधीचा कारभार कोणाकडे द्यावा हे त्या राज्याच्या विधिमंडळाने ठरवावे, असे कायद्याने म्हटले. कृष्णवर्णीयांच्या वाट्याचे निश्चित संरक्षण कायद्यातच असावे, यासाठी सेनेटमध्ये खटपट झाली. पण अंतिम कायद्यात तिला जागा मिळाली नाही. दक्षिणेतील विधिमंडळे त्या काळी गोऱ्यांच्या हातांत होती. त्यांनी किल्ली कोणाच्या हवाली केली असेल, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

येथे एक गैरसमज होऊ नये. कृष्णवर्णीय मुलांना संधी मुळीच मिळाली नाही, असे नव्हे. टस्कीगी येथे बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या संस्थेतून १९०६ सालीच शेतीची अवजारे व नमुने भरलेली एक गाडी खेडोपाडी फिरू लागली होती, आणि त्याच वर्षी टॉमस कॅम्पबेल हे सरकारी शेती-प्रचारक म्हणून नेमले गेले. १९१४ नंतर दक्षिणेत कृष्णवर्णीय विस्तार अधिकाऱ्यांची एक स्वतंत्र शाखा उभी राहिली. त्यांनी मंडळे काढली, शिबिरे भरविली, मुलांना डुकरे, कोंबड्या, कापूस, भाजीपाला यांचे शास्त्र शिकविले. १९४० नंतरच्या दशकात त्यांच्या मंडळांतील सभासदांची संख्या काही लाखांत होती. पश्चिम व्हर्जिनियात १९४२ साली कृष्णवर्णीय युवकांसाठी राज्य पातळीवरील शिबिरस्थान उघडले. त्याला वॉशिंग्टन आणि कार्व्हर या दोन थोर पुरुषांची नावे देण्यात आली. थोड्या वेतनावर आणि तुटपुंज्या साधनांनी त्या अधिकाऱ्यांनी केलेले काम कोणत्याही तराजूत हलके ठरणार नाही.

संधी, म्हणजे, होती. जरी ती दुय्यम प्रतीची असली तरी. सन्मानाची शिडी मात्र मधल्याच पायरीवर संपत होती. १९२७ साली वॉशिंग्टन येथे शेतीखात्याच्या इमारतीजवळ तंबू ठोकून पहिले राष्ट्रीय फोर-एच शिबिर भरले. प्रत्येक राज्याने आपले निवडक दोन मुलगे आणि दोन मुली पाठवावयाच्या, असा शिरस्ता पडला. राष्ट्राच्या राजधानीत राष्ट्राचा पाहुणा म्हणून राहणे, याहून मोठा मान खेड्यातील मुलाला कोणता? दक्षिणेतील कृष्णवर्णीय मुलांच्या वाट्याला तो आला नाही. त्यांच्यासाठी १९४८ साली, म्हणजे एकवीस वर्षांनी, लुइझियानातील बॅटन रूज येथील सदर्न विद्यापीठात वेगळे प्रादेशिक शिबिर भरविण्यात आले. पीक तेच, चिन्ह तेच, प्रतिज्ञा तीच. पण एकाला राष्ट्राचा मान आणि दुसऱ्याला प्रदेशाचा. उत्तम पीक काढणारा मुलगा आपल्या वर्णातला उत्तम, एवढेच त्याला सांगितले जात होते. देशातला उत्तम कोण, हे ठरविण्याच्या पंगतीत त्याचे पानच मांडलेले नव्हते.

१९६४ साली नागरी हक्कांचा कायदा आला आणि संघराज्याच्या पैशावर चालणाऱ्या कार्यक्रमांत वर्णभेदास मनाई झाली. १ ऑगस्ट १९६५ रोजी उत्तर कॅरोलायना राज्याच्या कृषिविस्तार सेवेने आपल्या दोन शाखा एक केल्या. कागदोपत्री भेद संपला. परंतु कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांचे जुने कमी वेतन तसेच पुढे चालू राहिले, आणि पुष्कळ ठिकाणी, वस्ती मिश्र असूनही, मंडळे एकवर्णीयच राहिली. १९७१ साली काही कृष्णवर्णीय अधिकारी न्यायालयात गेले. पुढे संघराज्य सरकारही त्या दाव्यात सामील झाले. बेझमोर विरुद्ध फ्रायडे या नावाने प्रसिद्ध असलेल्या या खटल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली दिला.

आमच्या मते त्या निर्णयाचे दोन भाग शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. वेतनाच्या प्रश्नावर सर्व न्यायमूर्ती एकमताने म्हणाले की, भेदाचा आरंभ कायदा लागू होण्यापूर्वी झाला असला, तरी वर्णामुळे कमी भरणारा प्रत्येक पगार हा नवा अन्याय होय. जुन्या पापाचे व्याज आजच्या पगारातून वसूल करता येणार नाही, असा त्याचा सोपा अर्थ. मंडळांच्या प्रश्नावर मात्र न्यायालय दुभंगले. पाच न्यायमूर्तींच्या मते, शाळेत मुलाला जावेच लागते, तशी मंडळाची गोष्ट नाही. सभासद होणे ऐच्छिक आहे. सेवेने जुनी भेदनीती सोडली आणि प्रवेश सर्वांना खुला केला, एवढ्याने तिचे कर्तव्य पुरे झाले. उरलेल्या चौघांच्या वतीने न्यायमूर्ती ब्रेनन यांनी भिन्न मत नोंदविले. ज्या शासनाने स्वतः भिंत घातली, त्याने केवळ ती मना करण्याची आज्ञा मागे घेऊन थांबू नये. भेदाचे परिणाम पुसण्यासाठी त्याने पुढाकारही घेतला पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता.

बहुमताच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, हे आम्ही नाकारीत नाही. कोणत्या मुलाने कोणाबरोबर कोंबड्या पाळाव्यात, हे न्यायालयाने ठरवू लागावे, हे कोणालाही रुचणार नाही. स्वेच्छा ही अशा मंडळांचा प्राण आहे. तरीसुद्धा आमचे मन ब्रेनन यांच्या बाजूस झुकते. आपल्याकडे मांडवाला दार नसते. पण म्हणून कोणी परका येऊन पंगतीस बसत नाही. अक्षत घरी यावी लागते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना मांडवाबाहेर उभे केले, त्यांना ‘दार उघडेच आहे’ असे सांगणे म्हणजे मनाई उठविणे झाले. आमंत्रण देणे नव्हे. मनाई उठल्याने संधी मिळते. सन्मान आमंत्रणाबरोबर येतो.

या कथेला दुसरीही एक बाजू आहे. शेतकी शिक्षण घेणाऱ्या शाळकरी मुलांच्या दोन संघटना तेथे होत्या : १९२८ साली स्थापन झालेली ‘फ्यूचर फार्मर्स’ आणि दक्षिणेतील कृष्णवर्णीय मुलांची ‘न्यू फार्मर्स’. ही दुसरी संघटना १९३५ साली टस्कीगी येथे राष्ट्रीय स्वरूपात उभी राहिली. तिचे स्वतःचे चिन्ह, स्वतःचे पदाधिकारी, स्वतःची पारितोषिके होती. १९६५ साली तिचे सुमारे पन्नास हजार सभासद पहिल्या संघटनेत विलीन झाले. विलीनीकरण न्याय्यच होते. पण नाव, चिन्ह आणि अधिकारपदे मोठ्या संघटनेची राहिली, लहानीची मावळली. कालपर्यंत अध्यक्षपदावरून भाषण करणारी मुले आज सभागृहातील मागच्या बाकावरील सभासद झाली. पूर्वी सन्मान होता, पण तो कुंपणाच्या आत होता. आता कुंपण गेले आणि त्याबरोबर सन्मानाचे आसनही गेले. ऐक्य करताना दोन्हीकडचे काय काय टिकवावयाचे, याची यादी आधी झाली नाही, तर ऐक्याचा खर्च दुबळ्याच्या नावे पडतो.

हे सर्व वाचताना मराठी वाचकाच्या मनात महाड उभे राहिल्यावाचून राहणार नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करावेत, असा ठराव रावबहादूर सी. के. बोले यांनी १९२३ साली मुंबई विधिमंडळात मांडून संमत करून घेतला. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात होता. तळ्याच्या पायरीवर मात्र तीन वर्षांत पाऊल पडले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर यांनी आपल्या अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा त्या ठरावात प्राण आला. आणि त्यावर उठलेल्या दाव्याचा मुंबई उच्च न्यायालयातील शेवट अस्पृश्यांच्या बाजूने लागण्यास १९३७ साल उजाडावे लागले. कॅरोलायनातील खुले मंडळ आणि महाडातील खुले तळे यांच्यात समुद्रांचे अंतर आहे. पण कागदावर उघडलेले दार आणि पायाखाली आलेला उंबरठा यांतील अंतर दोन्हीकडे सारखेच भरते.

आपल्याकडे १९५२ साली सामूहिक विकास योजना आली, तिच्याबरोबर खेड्यांत युवक-मंडळे निघाली. १९७२ पासून नेहरू युवक केंद्रांचे जाळे पसरले. बेळगावच्या सीमाभागात, गोव्याच्या वाड्यावस्त्यांवर, बडोदे-इंदूरकडील खेड्यांत आज अशा मंडळांची वाण नाही. त्यांच्या घटना आम्ही वाचतो, तेव्हा प्रवेशाचे कलम बहुधा निर्दोष असते : जात, धर्म, भाषा, लिंग यांचा भेद न करता सर्वांस खुले. या कलमाशी आमचा वाद नाही. पण मंडळाची परीक्षा त्या कलमावर होत नसते. पंच कोण नेमतो? जिल्ह्याच्या स्पर्धेस पाठवावयाचे नाव कोणत्या ओसरीवर ठरते? वाडीवरच्या मुलाच्या घरी बोलावणे घेऊन कोणी गेले होते काय, की सूचना ग्रामपंचायतीच्या फळ्यावर चिकटवून काम भागले? मुलींचे बक्षीस मुलांच्या बक्षिसाइतक्याच मोठ्या सभेत दिले जाते काय? हे प्रश्न घटनेत नसतात. मंडळाच्या वहीत असतात. दहा वर्षांच्या पारितोषिकांची यादी पुढे घेऊन बसावे, म्हणजे घटनेतील पहिले कलम खरे की खोटे, हे तासाभरात समजते.

संधी ही शासन एका आदेशाने देऊ शकते. सन्मान देणारे हात गावातले असतात आणि त्यांना वळण लावण्यास आदेश पुरत नाही. म्हणून ज्यांच्या हाती आज एखाद्या लहानशा मंडळाची वही आहे, त्या कार्यकर्त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की, दार उघडून स्वस्थ बसू नका. अक्षत घेऊन घरोघर जा. आणि बक्षीस ठरविणाऱ्या पंचांत, काल ज्यांना बाहेर उभे केले होते त्यांपैकी एकाला तरी खुर्ची द्या. उत्तम कोण हे ठरविण्यात वाटा मिळाला, म्हणजेच मिळालेली संधी खऱ्या अर्थाने आपली होते.