क्लॅम्पचें कोष्टक आणि काळाची उणीव

नळाची तोटी एकाएकीं बंद केली म्हणजे आंतलें पाणी अडून नळास धक्का देतें. संगणकांतील तारांमधून धांवणाऱ्या विद्युत्-संकेताचें असेंच आहे. तारेच्या टोकास पोंचलेली लाट परत फिरते, आणि दाब कधीं शून्याखालीं उतरतो, कधीं पुरवठ्याच्याहि वर चढतो. चिप आणि तार यांच्यामध्यें संकेत देण्याघेण्याचें काम करणारा जो बफर, त्यास इजा होऊं नये म्हणून तेथें क्लॅम्प बसवितात. दाबानें मर्यादा ओलांडली कीं तो प्रवाहास वाट करून देतो.

हा सारा व्यवहार आधीं गणितानें पाहण्याचें मोठें साधन बर्कले येथील विद्यापीठांत निघालें. लॉरेन्स नागेल यांचा स्पाइस हा प्रोग्रॅम त्यांचे गुरु डोनाल्ड पेडरसन यांनीं १९७३ सालीं कॅनडांतील वॉटर्लू येथें विद्वानांपुढें मांडला. स्पाइस ट्रान्झिस्टरागणिक हिशेब करी. पण त्याकरितां चिपची अंतर्रचना उघड करावी लागे. कोणता कारखानदार आपल्या तिजोरीची किल्ली गिऱ्हाइकाच्या हातीं देईल?

तोड काढण्यास पुढाकार घेतला तो इंटेल कंपनीनें. १९९२ सालीं तिनें प्रसिद्ध केलेल्या पीसीआय जोडणींत परत फिरलेल्या लाटेनेंच संकेताचा दाब पुरा होई. म्हणून क्लॅम्पचें वर्तन ठाऊक असणें अगत्याचें झालें. १९९३ मध्यें आयबिस हा नमुना ठरला. त्यांत बफराचें अंतरंग नाहीं. अमुक दाबास अमुक प्रवाह, अशीं कोष्टकें तेवढीं. वैद्यानें नाडी पाहावी, पोट फाडूं नये, त्यांतलाच हा प्रकार!

परंतु क्लॅम्पच्या कोष्टकांत काळाला जागाच नव्हती. क्लॅम्प सदैव एकाच रीतीनें वागतो, हें त्यांत गृहीत होतें. साध्या डायोडापुरतें तें ठीक. पण कांहीं क्लॅम्प संकेत येतांच जागे होतात, क्षणभर पकड घट्ट करतात आणि पुन्हा सैल पडतात. त्यांस अचल मानलें तर कागदावर संकेत सुरळीत दिसावा आणि प्रत्यक्ष बोर्डावर तो भलताच निघावा, अशी फसगत ठरलेली.

१९९९ च्या ३.२ आवृत्तींत यासाठीं 'डायनॅमिक क्लॅम्प' हा उपनमुना आढळतो. चढत्या व उतरत्या संकेताकरितां त्यांत निरनिराळा दाब नेमून देतां येतो. तो ओलांडला कीं घड्याळ सुरू होतें, आणि क्लॅम्पचें मूळ कोष्टक कोणत्या क्षणीं किती सरकवावें, हें दुसरें, काळाचें कोष्टक सांगतें.

गंमत अशी कीं, हीं कोष्टकें भरण्यासाठीं कारखानदार आपल्या घरीं बहुधा स्पाइसच चालवितो. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठांत तर स्पाइसच्या हिशेबांतून आयबिसचीं कोष्टकें काढून देणारा स्वतंत्र प्रोग्रॅमच तयार झाला.