उन्मादावरील औषधे आणि प्रयोगशाळेतील प्राणी

द्विध्रुवी विकारातील उन्मादावर लिथियम वापरण्याची आधुनिक उपचारपद्धती ऑस्ट्रेलियात, गिनिपिगांवरील प्रयोगांतून सुरू झाली. मनोविकारतज्ज्ञ जॉन केड दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या चांगी छावणीत युद्धकैदी होते. सुटकेनंतर ते मेलबर्नजवळच्या बुंडूरा येथे माजी सैनिकांच्या मनोरुग्णालयात रुजू झाले आणि तिथल्या वापरात नसलेल्या कोठीच्या खोलीत त्यांनी प्रयोग मांडले.

शरीरातलाच एखादा पदार्थ प्रमाणाबाहेर वाढला की उन्माद होतो, असा केड यांचा कयास होता. तो पदार्थ लघवीत सापडेल म्हणून त्यांनी रुग्णांची लघवी गिनिपिगांच्या पोटात टोचली. उन्मादाच्या रुग्णांची लघवी अधिक विषारी असल्याचे त्यांना दिसले. मारक घटक युरिया होता. युरिक आम्लामुळे त्याचे विष वाढते का, हे पुढे तपासायचे होते. युरिक आम्ल पाण्यात जेमतेम विरघळते, म्हणून त्यांनी त्याचा सहज विरघळणारा लिथियम क्षार घेतला. परिणाम मात्र उलटा झाला: विष सौम्य झाले. मग त्यांनी नुसते लिथियम कार्बोनेट टोचून पाहिले. एरवी बुजरे असणारे गिनिपिग सुमारे दोन तासांनी सुस्तावले. उताणे केले तरी धडपड न करता पडून राहिले आणि काही वेळाने पूर्ववत झाले.

केड यांनी आधी स्वतः लिथियम घेतले आणि 1948 मध्ये ते रुग्णांना देण्यास सुरुवात केली. पहिला रुग्ण पाच वर्षे उन्मादात होता. काही आठवड्यांत तो निवळला. 1949 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात उन्मादाच्या दहा रुग्णांची हकिगत होती. पण औषधाची मात्रा आणि विषबाधा यांतले अंतर फार थोडे होते. पहिला रुग्ण 1950 मध्ये लिथियमच्या विषबाधेनेच दगावला. अमेरिकेतही मिठाऐवजी लिथियम क्लोराइड वापरणाऱ्यांचे मृत्यू झाल्याने या औषधाबद्दल धास्ती बसली. डेन्मार्कच्या मोगेन्स शाऊ यांनी 1954 मध्ये नियंत्रित चाचणीचे निष्कर्ष मांडले. रक्तातील लिथियमची पातळी मोजणे रुळले आणि 1970 मध्ये अमेरिकेने मान्यता दिली.

केड यांचा मूळ कयास पुढे टिकला नाही. गिनिपिगांची सुस्तीही बहुधा विषबाधेचीच होती, असे अनेक अभ्यासक मानतात. तरीही त्या निरीक्षणाने हजारो रुग्णांच्या उपचाराची वाट उघडली.

नंतरच्या संशोधकांनी उन्मादाशी साम्य असलेले वर्तन प्राण्यांत निर्माण करण्याचा प्रयत्न केला. अ‍ॅम्फेटामिन हे उत्तेजक औषध दिलेल्या उंदरांची अतिचंचलता लिथियमने कमी होते का, ही चाचणी रूढ झाली. 1971 मध्ये लिथियममुळे उंदरांच्या मेंदूतील इनोसिटॉल हे रसायन घटते, असे आढळले. 1996 मध्ये बेडकाच्या भ्रूणांवरील कामातून लिथियम जीएसके-3 हे विकर रोखते, हे पुढे आले. 2007 मध्ये शरीराचे घड्याळ चालवणाऱ्या ‘क्लॉक’ जनुकात बदल असलेल्या उंदरांचे वर्तन अभ्यासले गेले. ते कमी झोपत व अतिचंचल असत आणि लिथियमने त्यांचे वर्तन बरेचसे सामान्य झाले. मात्र उन्मादामागून नैराश्य आणि पुन्हा उन्माद, असे मूळ आजाराचे चक्र कोणत्याही प्राण्यात पूर्णपणे उभे करता आलेले नाही. त्यामुळे प्राण्यांवरील प्रयोग दिशा दाखवतात. औषध उपयोगी आणि सुरक्षित आहे की नाही, हे माणसांवरील काटेकोर चाचण्यांतूनच ठरते.