दगडाचे वय आणि लेण्याचे वय

मळवली स्टेशनावर उतरले की उत्तरेच्या डोंगरात कार्ल्याची लेणी आणि दक्षिणेच्या डोंगरात भाज्याची. एकवीरेच्या दर्शनाला आलेला भाविक सहज विचारतो, "ही लेणी किती जुनी हो?" आणि कोणीतरी तितक्याच सहजपणे सांगून टाकतो, "पांडवांनी एका रात्रीत कोरली!" उत्तर ऐकायला गोड आहे खरे, पण त्यावर विसंबता येत नाही. मग खरे उत्तर मिळवायचे कोठून? त्यासाठी साक्षीदार बोलवावे लागतात, आणि कोणता साक्षीदार कशाची साक्ष देतो आहे, हे नीट पारखावे लागते.

पहिला साक्षीदार म्हणजे दगड. सह्याद्रीचा हा काळा पाषाण लाव्हारसाच्या थरांतून झालेला. त्याचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे. पण पाट्याचा दगड किती जुना हे कळले, म्हणून पाथरवटाने त्याला टाकी कधी लावली हे कळत नाही. "मग दगडाची झीज पाहा," असे कोणी म्हणेल. अवश्य पाहावी. परंतु झीज म्हणजे काही ठोके चुकू न देणारे घड्याळ नव्हे. लोणावळ्याच्या बाजूला दरसाल दीडशे इंचांवर पाऊस कोसळतो. लेण्याचा दर्शनी भाग त्याचे तडाखे खातो आणि आतला खांब कोरडा राहतो. एक थर ठिसूळ, तर त्याखालचा टणक. केवळ झिजेवरून वय ठरवायचे म्हटले, तर एकाच लेण्याला दोन वये द्यावी लागतील!

नेमका हाच वाद इजिप्तमध्ये झाला. गिझाचा स्फिंक्स खाफ्रे राजाच्या काळचा, म्हणजे इ.स.पू. २५०० च्या सुमाराचा, असे बहुतेक पुरातत्त्वज्ञ मानतात. १९९० नंतरच्या दशकात रॉबर्ट शॉक या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने म्हटले की, स्फिंक्सभोवतालच्या खडकाची झीज पावसाच्या पाण्याची दिसते. तेव्हा तो आणखी काही हजार वर्षे जुना असला पाहिजे. प्रश्न रास्त होता. पण तो चुनखडक थराथराने मऊ-कठीण आहे, आणि त्यातील क्षारांनीही तो फुटतो. शिवाय स्फिंक्सभोवती खोदून काढलेलेच प्रचंड चिरे त्याच्या पुढ्यातील देवळाला लावलेले आहेत, आणि ते देऊळ खाफ्रेच्या बांधकामाला लागून आहे. झिजेची साक्ष खोटी नाही. एकटीवर निकाल देता येत नाही, इतकेच.

दुसरा साक्षीदार लाकूड. कार्ल्याच्या आणि भाज्याच्या छताला लाकडी कमानी आहेत. कार्बन-१४ च्या पद्धतीने लाकडाचे वय काढता येते. मात्र ते वय झाडाचे, सुताराच्या कामाचे नव्हे. आपल्याकडे जुन्या वाड्याचा वासा नव्या घराला लावतातच की! १९८४ साली पिरॅमिडांच्या सांध्यांतील कोळशाची अशी परीक्षा केली, तेव्हा लिखित इतिहासापेक्षा काही शतके जुना काळ निघाला. तेथे जुने लाकूड जाळले गेले असावे, असा त्याचा एक उलगडा सांगतात. भाज्याला मात्र आपले नशीब चांगले. तेथल्या लाकडी कमानींवरच इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या वळणाची ब्राह्मी अक्षरे सापडली. म्हणजे ते लाकूड त्या काळी तेथे होते, याची सही लाकडावरच आहे.

तिसरा साक्षीदार शिलालेख. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने करजिक गाव भिक्षूंना दिल्याचा लेख आहे. तेथेच सातवाहन राजाचा मामालच्या अमात्याला दिलेला हुकूमही आहे. हे मामाल म्हणजे आपले मावळ. आधी भिंत, मग तिच्यावर अक्षर. तेव्हा चैत्यगृह उषवदाताच्या लेखापूर्वी कोरले गेले, हे उघड झाले.

पण नहपान आधी की गौतमीपुत्र सातकर्णी आधी? ते सांगितले नाण्यांनी. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. जुन्या छापावर नवा बसतो, नव्यावर जुना बसत नाही! क्रम पक्का झाला. साल मात्र तितके पक्के नाही. नहपानाच्या लेखांतली ४१ ते ४६ ही वर्षे कोणत्या शकाची, यावर विद्वानांत मतभेद आहेत. म्हणून कार्ल्याचे चैत्यगृह इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आगेमागे, असे सांगावे आणि दोन-तीन पिढ्यांची जागा मोकळी सोडावी.

तुम्ही विचाराल, दोन हजार वर्षे काय आणि पाच हजार काय, आपले काय अडले? अडते ते असे. कार्ल्याच्या प्रवेशद्वारापाशी एक छोटा लेख आहे. धेनुकाकट गावच्या वेणुवासाचा मुलगा सामी या सुताराने हे दार केले, असे तो सांगतो. गिझाच्या पिरॅमिडासाठी चिरे वाहून नेणाऱ्या मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशीही २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी हाती आली. स्मारक मोठे म्हणून त्याचा काळ पुराणांत ढकलून दिला, तर सर्वांत आधी ही नावे पुसली जातात. हातांचे श्रेय जाते आणि चमत्कार तेवढा उरतो.

कार्ल्याला गेलात तर त्या दाराशी थोडे थांबा. सामीचा काळ नेमका सांगता आला नाही तरी चालेल. पण त्याचे काम दुसऱ्या कोणाच्या नावावर जमा करू नका.