नावाचा शोध

बेळगाव-निपाणीच्या परिसरात चित्रकला शिकणारी एखादी विद्यार्थिनी आपल्या आईचे, आजीचे हात रंगवू लागते. तंबाखूच्या धुळीत आयुष्यभर राबलेले ते हात. चित्रे उत्तम साधतात. परंतु ‘ही कोणत्या प्रकारची कला?’ असे कोणी विचारले, म्हणजे ती घुटमळते. ‘स्त्रीवादी’ हा शब्द तिच्या वाचनात आलेला असतो. तो आपल्या कामाला लावावा की न लावावा, हे मात्र तिला उमगत नाही. हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नव्हे. नाव घेतले, की त्याचे उत्तरदायित्वही पत्करावे लागते.

या नावामागे इतिहास आहे. १९७० साली कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथे जूडी शिकागो या चित्रकर्तीने १५ विद्यार्थिनींसह जो अभ्यासक्रम आरंभिला, तो ‘स्त्रीवादी कला-अभ्यासक्रम’ म्हणून प्रसिद्धी पावला. त्याच वर्षी तिने पित्याचे व पतीचे आडनाव बाजूस सारून आपल्या जन्मनगरीचे नाव धारण केले. कलेला नाव देणाऱ्या या स्त्रीला प्रथम स्वतःचे नाव शोधावे लागले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

परंतु असा शोध घ्यावयास समुद्र ओलांडण्याचे कारण नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलेली निपाणी ही तंबाखूची मोठी पेठ. तेथील कारखान्यांतून काम करणाऱ्या स्त्रियांनी धूळ सोसली, तुटपुंजी मजुरी सोसली, अपमान सोसले. आणि अखेर त्या हजारोंच्या संख्येने संघटित झाल्या. १९८० साली स्थापन झालेल्या ‘युगांतर’ या चित्रपटगटाची पावले त्यांच्याकडे वळली. दीपा धनराज, आभा भैय्या, मीरा राव आणि नवरोज काँट्रॅक्टर ही मंडळी त्या गटात होती. पुण्याच्या घरकामगार स्त्रियांवरील ‘मोलकरीण’ हा बोलपट त्यांनी आधी केला होता.

निपाणीस त्यांनी कॅमेरा रोखण्यापूर्वी कान दिला. सुमारे चार महिने हे काम चालले. काय दाखवावे, याचा विचार कामगार स्त्रियांच्या सहवासात झाला. आणि संघटनेपूर्वीचे कारखान्यातील दिवस कसे होते, हे त्या स्त्रियांनी स्वतःच पुन्हा घडवून दाखविले. ज्यांचे दुःख, त्यांचाच त्याच्या कथनावर हक्क राहिला.

१९८२ साली पुऱ्या झालेल्या या चित्रपटाचे नाव ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ असे आहे. इंग्रजी नावात निखाऱ्यांचा उल्लेख येतो. मराठीत मात्र ‘ऊब’ आहे, आणि हा भेद अर्थपूर्ण आहे. निखारा डोळ्यांना दिसतो; ऊब हात लावल्याविना कळत नाही. रचून ठेवलेला तंबाखू आतल्या आत तापू लागतो, हे निपाणीकरांस सांगावयास नको. त्याला बाहेरून काडी लावावी लागत नाही. स्त्रियांच्या जागृतीचे वर्णन करण्यास याहून समर्पक शब्द कोणता असेल? या शब्दात ‘वाद’ नाही. पण स्त्रीवादाचा सारा आशय आहे. गटाचे ‘युगांतर’ हे नावही मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांना परके नाही. सीमेवरच्या माणसाला त्याचे मोल अधिक वाटावे.

म्हणून त्या विद्यार्थिनीस इतकेच सांगावेसे वाटते, की ‘स्त्रीवादी’ हा शब्द तिने निःसंकोच घ्यावा. तो अनेकींनी कष्टाने मिळविलेला आहे. परंतु तेथेच थांबू नये. आपले चित्र प्रथम आजीपुढे ठेवावे, आणि ती काय म्हणते ते ऐकावे. परीक्षकांनी दिलेले नाव प्रमाणपत्रावर राहील; चित्राचे खरे नाव कदाचित आजीच्या बोलण्यातच सापडेल.