रचना आकाशात, लक्ष काट्यावर

विमानातून उडी घेतलेला माणूस वेगाने खाली येत असतो. पण त्याला स्वतःला ते जाणवत नाही. कानांत वाऱ्याचा घोष असतो, अंगाखाली हवेची गादी अंथरल्यासारखे वाटते आणि जमीन एखाद्या नकाशासारखी जागच्या जागी पसरलेली दिसते. ती अंगावर धावून येत आहे हे डोळ्यांना उमगते ते अगदी शेवटच्या दोनेक हजार फुटांत, आणि तोपर्यंत फार उशीर झालेला असतो. स्कायडायव्हिंगच्या शिक्षणात 'उंचीचे भान' या गोष्टीवर एवढा भर दिला जातो, त्याचे मूळ डोळ्यांच्या या मर्यादेत आहे. नवशिका एकट्याने उड्या मारणे सोडून इतरांच्या साथीने हवेत रचना बांधायला शिकू लागला, की हे भान सुटण्याचा धोका विशेष वाढतो.

मुक्त पतनाच्या काळात, म्हणजे छत्री उघडण्यापूर्वी, दोन किंवा अधिक जणांनी एकमेकांचे हात-पाय धरून ठरावीक आकृत्या साकारणे म्हणजे फॉर्मेशन स्कायडायव्हिंग. पूर्वी याला 'रिलेटिव्ह वर्क' म्हणत आणि ते नाव अधिक अर्थपूर्ण होते. हवेत स्थिर असे काहीच नसल्याने प्रत्येकाची हालचाल दुसऱ्याच्या सापेक्षच मोजावी लागते. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियात आठ जणांनी हातात हात गुंफून वर्तुळ केले, तेव्हा तो मोठा पराक्रम मानला गेला. दहा वर्षांनी, १९७५ मध्ये, तत्कालीन पश्चिम जर्मनीतील वारेनडॉर्फ येथे या प्रकाराची पहिली जागतिक स्पर्धा भरली. ८ फेब्रुवारी २००६ रोजी थायलंडमधील उडोन थानी येथे पाच लष्करी मालवाहू विमानांतून उतरलेल्या ४०० जणांनी एकच रचना बांधली आणि ती सव्वाचार सेकंद टिकवली. स्पर्धांत मात्र चार जणांचा प्रकार अधिक रुळला आहे. साडेदहा हजार फुटांवरून उडी, ३५ सेकंदांचा अवधी आणि तेवढ्यात चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या आकृत्या पुन्हा पुन्हा बांधायच्या व मोडायच्या. बरोबर साधलेल्या प्रत्येक आकृतीला एक गुण. अव्वल संघ या ३५ सेकंदांत वीसहून अधिक गुण मिळवतात. पाहणाऱ्याला ते नृत्य वाटते; नवशिक्याला तेथवर पोहोचण्यास काही शे उड्या लागतात.

सारा प्रश्न वेळेच्या हिशेबाचा आहे. पोट जमिनीकडे करून पडणाऱ्या माणसाचा वेग साधारणपणे ताशी १९० ते २०० किलोमीटरवर स्थिरावतो. पहिले हजार फूट पार करायला सुमारे दहा सेकंद लागतात. त्यापुढे प्रत्येक हजार फुटांना अवघी साडेपाच. १३ हजार फुटांवरून निघालेला माणूस अठ्ठेचाळीस-पन्नास सेकंदांत पाच हजारांवर येतो. तीन हजार फुटांवर त्याने काहीच केले नाही, तर जमीन १६-१७ सेकंदांच्या अंतरावर असते. शिवाय छत्री पूर्ण फुलायला आणखी काहीशे फूट जातात आणि ती नीट न उघडल्यास राखीव छत्रीचा निर्णय घेण्यासाठी उंची शिल्लक असावी लागते. म्हणूनच अमेरिकेतील 'युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशन' या संघटनेच्या नियमांत छत्री उघडण्याची किमान उंची विद्यार्थी आणि 'ए' परवानाधारकांसाठी तीन हजार फूट, तर त्यावरील परवानाधारकांसाठी अडीच हजार फूट ठेवलेली आहे. अनुभवी मंडळींची मर्यादा पूर्वी दोन हजार होती. ती २०१३ मध्ये वाढवण्यात आली.

हवेतील शेजार

याच संघटनेच्या अभ्यासक्रमात 'ए' परवान्यासाठी किमान २५ उड्या लागतात. पहिल्या उड्यांत प्रशिक्षक विद्यार्थ्याला दोन्ही बाजूंनी धरून असतात. काही पायऱ्या ओलांडल्यावर तो एकटा पडायला, वळायला, सरळ रेषेत जायला शिकतो. गटात उडण्याचे धडे अखेरच्या टप्प्यात येतात आणि तेही केवळ मान्यताप्राप्त कोच किंवा प्रशिक्षकाबरोबर. परवाना नसलेल्या दोन विद्यार्थ्यांनी परस्परांच्या साथीने उडी मारण्यास परवानगी नाही. या नियमामागील कारण साधे आहे. दोघांपैकी एकाने तरी आपल्या जागी स्थिर असले पाहिजे. दोघेही एकमेकांचा पाठलाग करू लागले, तर भेट होत नाही. झालीच तर ती टक्कर असते.

हवेत पुढे-मागे सरकणे तुलनेने सोपे. पाय लांब केले की शरीर पुढे जाते. गुडघे दुमडून हात पुढे ताणले की मागे. खरी परीक्षा पडण्याचा वेग जुळवण्यात आहे. कंबर पुढे काढून शरीराची कमान केली की माणूस लवकर खाली जातो. छाती व पोट आत घेऊन हात-पाय पसरले की हवा अडते आणि वेग कमी होतो. यात देहयष्टीचाही वाटा असतो. जड माणूस वेगाने पडतो, म्हणून तो ढगळ पोशाख घालतो. हलक्या अंगाचा माणूस अंगाला चिकटणारा पोशाख घालून वर शिशाच्या वजनांचा पट्टा बांधतो. सारे साथीदार एका पातळीवर राहावेत यासाठी जमिनीवरच हा हिशेब केलेला असतो. पोशाखाच्या दंडांवर व पोटऱ्यांवर शिवलेल्या जाड पट्ट्या धरायला उपयोगी पडतात.

रचनेकडे जाण्याची रीत ठरलेली आहे. विमानातून उशिरा निघालेला उडीबहाद्दर वरून, तिरक्या रेषेत खाली येतो, रचनेपासून थोड्या अंतरावर थांबतो, पातळी जुळवतो आणि मगच हलकेच पुढे सरकून हात धरतो. थांबणे, समपातळीवर येणे, मग धरणे. नवशिका नेमकी पहिली पायरी गाळतो. त्याला रचना दूर दिसते, तो डोके खाली करून झेपावतो आणि वेग आवरता न आल्याने तिच्या खाली निघून जातो किंवा तिच्यावर आदळतो. कोणाच्याही थेट वरून जाणे तर कटाक्षाने टाळावे लागते. पडणाऱ्या माणसाच्या पाठीवर विस्कळीत हवेचा एक खळगा तयार होतो. त्यात शिरलेल्याचा आधार एकाएकी नाहीसा होतो आणि तो खालच्या माणसावर कोसळतो.

रचनेच्या खाली गेलेल्याची स्थिती सर्वात अवघड. वर येणे म्हणजे खरे तर इतरांपेक्षा हळू पडणे. ते साधायला वेळ लागतो आणि वेळ तर झपाट्याने संपत असतो. अशा वेळी नवशिक्याचे सारे चित्त त्या रिकाम्या जागेवर खिळते. आता पोहोचेन, अजून दोन सेकंद, आणखी दोन सेकंद, असे त्याला वाटत राहते. मानसशास्त्रात ज्याला एका कामात अडकलेले लक्ष म्हणतात, त्याचे याहून ठळक उदाहरण शोधावे लागेल. उंचीचे भान सुटते ते बेफिकिरीने क्वचितच; बहुधा ते प्रामाणिक प्रयत्नांच्या भरात सुटते. रागे भरण्याने या दोषाला उतार पडत नाही, हे अनुभवी प्रशिक्षक जाणून असतात.

गटात आणखी एक सापळा असतो. एकटा असलेला माणूस काट्याकडे स्वतः पाहतो, कारण दुसरे कोणी पाहणारे नसते. चौघे असले की प्रत्येकाला वाटते, दुसरा कोणी पाहत असेलच. कोचबरोबर उडणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तर हे अवलंबन अधिकच वाढते. म्हणूनच कोचने इशारा केला नाही तरी ठरलेल्या उंचीला विद्यार्थ्याने स्वतःहून वळले पाहिजे, अशी अपेक्षा असते. काही कोच मुद्दाम इशारा न करता विद्यार्थी काय करतो ते पाहतात.

काटा, बीप आणि डोळे

मनगटावर बांधलेला उंचीमापक हा मुळात हवेचा दाब मोजणारा यंत्रपट्टा. उडीपूर्वी जमिनीवर तो शून्यावर आणला जातो. त्यातही काहीशे फुटांची चूक संभवते. पाठीवर पडत असताना मनगट विस्कळीत हवेत गेले, तर वाचन हजार फुटांपर्यंत चुकू शकते. दुसरे साधन शिरस्त्राणात बसवलेले ध्वनियंत्र. ते ठरवून दिलेल्या तीन उंचींना कानाशी बीप देते. ते उपयुक्त खरेच. पण लक्ष अन्यत्र गुंतलेले असताना कानाशी वाजलेली बीपही ऐकू येत नाही आणि बॅटरी संपलेली असेल तर वाजतच नाही. आठवण देणे एवढेच त्याचे काम मानावे.

तिसरे साधन सर्वांच्या शेवटी येते, ते म्हणजे स्वयंचलित उघडयंत्र. जर्मन कंपनी एअरटेकने १९९१ मध्ये आणलेल्या 'सायप्रेस'मुळे ते जगभर रूढ झाले. त्याच्या नेहमीच्या प्रकारात माणूस सुमारे ७५० फुटांवर अजून पूर्ण वेगाने पडत असेल, तर यंत्र राखीव छत्रीचा दोर कापून ती उघडू देते. अमेरिकेत विद्यार्थ्यांना ते सक्तीचे आहे. या यंत्राने असंख्य जीव वाचवले. मात्र ७५० फूट म्हणजे जमिनीपासून जेमतेम चार सेकंद. ज्याची उडी या यंत्राने संपवली, तो वाचला असला तरी त्याचे शिक्षण पुन्हा आरंभापासून तपासावे लागते.

चौथे साधन म्हणजे स्वतःचे डोळे आणि मनातील घड्याळ. दर चार-पाच सेकंदांनी आणि प्रत्येक हालचालीनंतर काट्याकडे एक ओझरती नजर टाकायची, हा नियम विद्यार्थ्याला पहिल्या उडीपासून शिकवतात. क्षितिज, काटा, साथीदार आणि पुन्हा क्षितिज. नजर ओझरती असणे महत्त्वाचे. काट्याकडे टक लावून पाहणाऱ्याचे डोके झुकते, खांदे वळतात आणि तो रचनेपासून भरकटतो. विमान वर चढत असताना मनाशी उंचीचा अंदाज बांधून मग काटा पाहणे, ही सवयही फार उपयोगी. रस्ते, वाहने, झाडांची दाटी पाच हजार फुटांवरून कशी दिसतात आणि तीन हजारांवरून कशी, हे विमानाच्या खिडकीतून फुकट शिकता येते. दुर्दैवाने ही वेळ बहुतेकांची छायाचित्रे काढण्यात जाते.

रचना मोडण्याची वेळ

रचना बांधण्याइतकीच ती वेळेवर मोडणे ही कला आहे. एकमेकांजवळ छत्र्या उघडल्या तर त्या आपसांत आदळण्याचा धोका असतो. त्यामुळे पाच किंवा कमी जणांच्या गटाने छत्री उघडण्याच्या सर्वाधिक नियोजित उंचीपेक्षा किमान १५०० फूट वर विलग व्हावे आणि सहा किंवा अधिक असल्यास २००० फूट वर, अशी शिफारस आहे. साडेतीन हजार फुटांवर छत्री उघडायची असेल, तर पाच हजारांवर रचना संपली. ती अर्धवट असली तरी संपली. वेळ झाल्याचे ज्याच्या ध्यानात प्रथम येईल त्याने हात हलवून इशारा करायचा आणि एकाने पाठ फिरवली की बाकीच्यांनी वाद न घालता निघायचे. त्यानंतर प्रत्येक जण १८० अंशांत वळतो, हात अंगालगत मागे घेतो, पाय ताठ करतो आणि बाणासारखा बाहेरच्या दिशेने सरकतो. थांबताना खाली व आजूबाजूला पाहणे, हात हलवून वरच्यांना सावध करणे आणि मग छत्री काढणे, असा क्रम. खालच्या माणसाचा हक्क आधी, कारण त्याला वरचा दिसत नाही.

येथे एक अग्रक्रम विद्यार्थ्याच्या अंगवळणी पाडला जातो. छत्री काढणे सर्वात आधी. ती ठरल्या उंचीला काढणे त्यानंतर. शरीर स्थिर असताना काढणे तिसऱ्या क्रमांकावर. अंग डळमळत असले तरी उंची आली की छत्री काढायचीच. स्थिरतेची वाट पाहत उंची गमावणे, ही गटात उडणाऱ्या नवशिक्याची जुनी चूक आहे.

अलीकडे उभ्या वातबोगद्यांमुळे शिक्षणाचे स्वरूप पालटले आहे. खालून येणाऱ्या प्रचंड झोतावर तरंगत पातळी जुळवणे, वळणे आणि पकडी घेणे हे सारे तेथे सलग मिनिटभर किंवा दोन मिनिटे घोटता येते. आकाशात तेवढ्या सरावाला कितीतरी उड्या खर्ची पडतात. पण बोगद्यात उंची नसते. तेथे पकड हुकली तर पुन्हा प्रयत्न करायला वेळ असतो आणि खाली जाळी असते. परिणामी, पंधरा-वीस उड्यांचाच अनुभव असलेला पण शंभर उड्यांच्या माणसासारखा उडणारा विद्यार्थी आता सर्रास दिसतो. त्याचे हात-पाय पुढे गेलेले असतात, काट्याकडे पाहण्याची सवय मात्र मागे राहिलेली असते. बोगद्यातही मनगटावर उंचीमापक बांधून ठरावीक अंतराने त्याकडे पाहण्याचा सराव करणे, हा त्यावरचा सोपा उपाय.

मराठी वाचकाला हा खेळ पुण्याच्या शीतल महाजन यांच्यामुळे परिचित आहे. २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर आणि २०१८ मध्ये थायलंडमधील पट्टाया येथे नऊवारी नेसून त्यांनी घेतलेल्या उड्यांची मोठी चर्चा झाली. भारतात हवाई दलाच्या 'आकाशगंगा' पथकाची प्रात्यक्षिके अनेकांनी पाहिलेली असतात. हौशी नागरिकांच्या वाट्याला येते ती बहुधा टँडम उडी. त्यात पाहुणा प्रशिक्षकाच्या छातीशी बांधलेला असतो आणि उंचीची सारी जबाबदारी प्रशिक्षकाची असते. या अनुभवातून धाडस कळते, उंची कळत नाही. परवाना घेऊन रचना शिकू पाहणारे भारतीय त्यासाठी बहुधा थायलंड, स्पेन, दुबई वा अमेरिका गाठतात.

तेथे प्रत्येक उडीपूर्वी जमिनीवर संपूर्ण तालीम होते. चाके लावलेल्या फळ्यांवर पालथे पडून चौघे आकृत्या घोटतात आणि कोच मध्येच मोठ्याने विचारतो, "उंची किती?" उत्तर मनगट पाहूनच द्यायचे असते, जमिनीवर काटा शून्यावर असला तरी. उडीनंतर कोचच्या शिरस्त्राणावरील चित्रफीत पाहिली जाते. विद्यार्थ्याला किती पकडी जमल्या याची उत्सुकता असते. कोच मात्र चित्रफीत पहिल्यांदा लावतो तेव्हा विद्यार्थ्याची मान मनगटाकडे किती वेळा वळली, तेवढेच मोजतो आणि तो आकडा उड्यांच्या वहीत लिहायला सांगतो.