हवाइयन गिटार आणि घरातला मंद स्वर

वाद्यांचा इतिहास बहुधा दरबारांच्या, मंदिरांच्या आणि रंगभूमीच्या अनुषंगाने सांगितला जातो. वाद्य घरात कसे वाजत होते आणि भिंतीपलीकडे त्याचा स्वर किती जात होता, याची नोंद फारशी कोणी ठेवीत नाही. वास्तविक कलावंताच्या आयुष्याचा मोठा भाग रियाजात जातो आणि रियाजाची जागा घर हीच असते. विजेवर चालणाऱ्या हवाइयन गिटारच्या बाबतीत तर घर आणि स्वर यांचा संबंध त्या वाद्याच्या स्वभावालाच जाऊन भिडतो. उंच आवाजात भरदार वाटणारा तिचा नाद आवाज कमी करताच पातळ का होतो, हा प्रश्न अनेक वादकांना पडलेला आहे. त्याचे उत्तर शोधू गेले असता शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास उलगडतो.

घर म्हणजे कोणते घर, हेही पाहावयास हवे. १९४७ च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही. त्यातून चंडीगडची उभारणी झाली. शहराचा आराखडा ल कार्बुझिए यांनी केला, तर घरांची रचना मुख्यतः पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू यांच्याकडे होती. वसतीसाठी प्रथम बांधले गेले ते सेक्टर २२. सरकारी नोकरांच्या वेतनश्रेणीप्रमाणे घरांचे प्रकार ठरविण्यात आले. अल्प वेतनाच्या कर्मचाऱ्यालाही स्वयंपाकघर, स्नानगृह व अंगण मिळावे, असा त्यामागचा विचार होता. खर्च आवरण्यासाठी लहान घरे एकमेकांस लागून रांगेने बांधली गेली. उन्हापासून व वर्दळीपासून या विटांच्या भिंतींनी कुटुंबाला आडोसा दिला. परंतु एकच भिंत दोन कुटुंबांत वाटली गेली की स्वरही वाटला जातो. गिरगावच्या चाळींतून वाढलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

तारेवरून कठीण वस्तू घसरवून अखंड स्वर काढण्याची कला या प्रदेशाला परकी नव्हती. चंडीगडपासून जवळच असलेल्या पतियाळा दरबारातील उस्ताद अब्दुल अझीझ खाँ यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विचित्रवीणेला प्रतिष्ठा मिळवून दिली. या वीणेला पडदे नसतात. काचेचा गोळा तारेवर फिरवून वादक एका स्वरातून दुसऱ्या स्वरात जातो. दक्षिणेत गोट्टुवाद्याची पद्धतीही अशीच आहे. तंजावरच्या मराठी राजांच्या छायेत राहिलेल्या तिरुविडैमरुदूर येथील सखाराम राव हे त्या वाद्याचे थोर वादक होते आणि प्रख्यात गायक सेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर यांना त्यांच्याकडून शिक्षण मिळाले. मींड हा आपल्या संगीताचा प्राण आहे. तो या वाद्यांतून जितका सहज प्रकटतो, तितका पडद्यांच्या वाद्यांतून क्वचितच प्रकटतो.

तिकडे हवाई बेटांत याच कल्पनेने गिटारला नवे रूप दिले. १८८९ च्या सुमारास जोसेफ केकुकू या शाळकरी मुलाने पोलादी तुकडा तारेवर घसरवून वादन सुरू केले, अशी हकिकत सर्वत्र सांगितली जाते. तिच्याही आधी गॅब्रिएल डेव्हियन नावाचा, हिंदुस्थानात जन्मलेला खलाशी होनोलुलूत असे वादन करीत होता, असेही सांगतात. श्रेय कोणाचेही असो, १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भरलेल्या प्रदर्शनानंतर हवाई संगीताची लाट अमेरिकेत पसरली. मोठ्या नाट्यगृहांत मात्र गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजविणाऱ्याचा मृदू स्वर इतर वाद्यांच्या गजरात बुडून जाई. १९२७ च्या सुमारास धातूच्या तबकड्या बसविलेल्या गिटारी आल्या. १९३१ मध्ये जॉर्ज बोशाम्प यांनी तारांभोवती नालाच्या आकाराचे चुंबक ठेवून तारेच्या कंपनापासून वीजप्रवाह मिळविला. पुढल्या वर्षी रिकनबॅकर यांच्या कारखान्यातून अ‍ॅल्युमिनियमची विद्युत्-गिटार बाजारात आली. थाळीसारख्या आकारामुळे लोक तिला तळणीच म्हणू लागले. पहिली यशस्वी विद्युत्-गिटार ही अशी मांडीवरची हवाइयन गिटार होती आणि तिच्या जन्माचे कारण एकच होते, मोठा आवाज.

भारतात हे वाद्य रुजले ते प्रथम कलकत्त्यात. हवाई संगीताचे प्रवासी कलावंत टाऊ मो आणि त्यांचे कुटुंब दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे राहिले आणि त्यांच्या सहवासात स्थानिक वादक तयार झाले. पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात या गिटारचा हुंदका सर्वांच्या ओळखीचा झाला. १९५२ मध्ये डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरील चित्रपटगीते आटली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. अखेर १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली. याच कालखंडात पेटीलाही आकाशवाणीवर मज्जाव होता. तो १९४० मध्ये घातला गेला आणि १९७१ मध्ये शिथिल झाला. पेटीचे स्वर ठरीव, तिला मींड घेता येत नाही, हा त्यामागील मुख्य आक्षेप होता. त्या कसोटीला परदेशातून आलेली ही गिटार सहज उतरत होती, हा इतिहासाचा विनोदच म्हणावा लागेल. अली अकबर खाँ यांचे शिष्य ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर रागसंगीत मांडले. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांचा स्वर घरोघर पोहोचला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आवाज मोठा व्हावा म्हणून जन्मलेले वाद्य लहान आवाजात फिके का पडते? एक कारण मानवी कानात आहे. १९३३ मध्ये फ्लेचर व मन्सन यांनी दाखवून दिले की, आवाज मंद झाला म्हणजे खर्जाकडील आणि काही अंशी अतितार स्वर कानाला मधल्या स्वरांपेक्षा अधिक वेगाने क्षीण भासतात. तार तीच आणि हातही तोच, परंतु भरीवपणा हरवल्यासारखा वाटतो. दुसरे कारण ध्वनिवर्धकात आहे. व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक आपल्या सामर्थ्याच्या सीमेजवळ आला की, स्वराची तीक्ष्ण टोके किंचित गोलावतात, नवे उपस्वर मिसळतात आणि नादाला ऊब येते. आवाज उतरविला की व्हॉल्व्हला श्रमच पडत नाहीत.

यावर वाटेल की, लहान ध्वनिवर्धक घ्यावा म्हणजे झाले. हिशेब मात्र इतका सरळ नाही. कानाला आवाज निम्मा वाटावा यासाठी शक्ती सुमारे एक दशांश करावी लागते. चाळीस वॅटच्या जागी चार वॅट आले, तरी आवाज केवळ निम्मा होतो. आणखी निम्मा करावयाचा तर चार दशांश वॅटपर्यंत उतरावे लागते. लिओ फेंडर यांनी १९४५ पासून विद्यार्थ्यांसाठी मांडीवरची गिटार व लहान ध्वनिवर्धक यांची जोडी विकली. घरगुती सरावाला ती सोयीची ठरली, तरी रांगेच्या घरात चार-पाच वॅटही रात्री पुष्कळ होतात.

म्हणून अनुभवी वादक काही मार्ग चोखाळतात. ज्या ध्वनिवर्धकात आरंभीची व शेवटची अशा दोन ठिकाणी आवाजाची किल्ली असते, तेथे पहिली वर ठेवून दुसरी खाली आणता येते. शेवटच्या व्हॉल्व्हची जादा शक्ती उष्णतेत घालविणारे उपकरणही कर्ण्यापूर्वी जोडता येते. तथापि व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक कर्णा किंवा तसा भार न जोडता चालवू नये, कारण त्यामुळे आतील ट्रान्स्फॉर्मर निकामी होण्याचा संभव असतो. कर्णा तिवईवर ठेवून कानाकडे वळविल्यास तार स्वर स्पष्ट येतात आणि तोच आवाज कमी शक्तीत पुरतो. कोपऱ्यात ठेवल्यास खर्ज भरतो हे खरे, परंतु विटांची भिंत तार स्वर जितके अडविते तितके खर्ज अडवीत नाही. शेजाऱ्याकडे प्रथम खर्जच पोहोचतो. तिवईखाली जाड चादरीची घडी असली तर जमिनीतून जाणारे कंपन कमी होते. पायाची आवाज-पट्टी पूर्ण न दाबता राखीव ठेवावी आणि स्वर विरू लागताच हळूहळू उघडावी, म्हणजे स्वर लांबतो. अलीकडे कानात घालावयाच्या श्रवणयंत्रांनी व व्हॉल्व्हचे वागणे गणिताने उभे करणाऱ्या उपकरणांनी रात्रीचा रियाज पुष्कळ सोपा केला आहे.

सर्वांत जुना उपाय मात्र हाताचाच आहे. पोलादी कांडीचा भार पुरेसा हवा, ती तारेवर सपाट टेकली पाहिजे आणि तिच्या मागची तार त्याच हाताच्या बोटांनी मिटली पाहिजे. आवाज मोठा असताना कांडीची खरखर आणि स्वराचा किंचित चुकलेला ठाव गाजावाजात झाकला जातो. मंद आवाजात दोन्ही उघडे पडतात. विचित्रवीणेचा क्षीण नाद ऐकविणाऱ्या बुजुर्गांना ही कसोटी आयुष्यभर देणे भाग होते. त्या वाद्यापाशी विजेचे बळ नव्हते. स्वर शुद्ध असला तरच तो कानापर्यंत पोहोचत असे.

सेक्टर २२ मधील सामाईक भिंत आणि चाळीतील पातळ पडदी या दृष्टीने कलेच्या शत्रू ठरत नाहीत. मोठ्या सभागृहासाठी शोधलेल्या यंत्राला त्यांनी पुन्हा लहान खोलीचे नियम शिकविले. विजेने गिटारला दूरवर ऐकू जाण्याचे सामर्थ्य दिले. जवळच्या माणसाला त्रास न देता गोड वाजण्याचा संयम मात्र वादकाला आपल्या हातानेच मिळवावा लागतो.