शाळेचा उंबरठा कोणी ओलांडायचा?

पालक शाळेकडे फिरकत नाहीत, ही शिक्षकांची तक्रार. शाळेत आपल्याला कोणी विचारीत नाही, ही पालकांची. धर्मग्रामाच्या शाळेचा कारभार पाहताना या दोन्ही तक्रारी मी एकाच दिवशी, एकाच टेबलाशी बसून ऐकल्या आहेत. दोन्ही बाजू मनापासून बोलत असतात, तरीही वाट निघत नाही. ही कोंडी कशी फुटू शकते, हे जाणून घ्यायचे असेल तर अमेरिकेतील न्यू हेवन या शहरात १९६८ साली आरंभलेल्या एका प्रयोगाचा इतिहास अवश्य पाहावा.

न्यू हेवन हे येल या विख्यात विद्यापीठाचे गाव. परंतु त्याच गावातील बाल्डविन आणि मार्टिन ल्यूथर किंग या दोन प्राथमिक शाळांची स्थिती शोचनीय होती. तेथे बहुतेक मुले गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील होती. गुणवत्तेत या शाळा शहरातील ३३ प्राथमिक शाळांच्या तळाशी होत्या. हजेरी कमी, वर्गांत गोंधळ, शिक्षक हताश आणि पालक संतप्त, असे तेथील चित्र होते.

या शाळा सुधारण्याचे काम येलच्या बालअध्ययन केंद्रातील एका तरुण मनोविकारतज्ज्ञाकडे आले. त्यांचे नाव डॉ. जेम्स कोमर. १९३४ साली इंडियाना राज्यातील ईस्ट शिकागो येथे एका कामगार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील पोलाद कारखान्यात मजूर, तर आई मॅगी लोकांच्या घरी कामे करी. तिला शाळेचे तोंड जेमतेम पाहायला मिळाले होते. पण तिच्या पाच मुलांनी मिळून महाविद्यालयीन शिक्षणाच्या १३ पदव्या मिळविल्या. कोमर यांना मात्र आपल्या यशापेक्षा बालपणीच्या तीन सवंगड्यांचे अपयश अधिक सलत राहिले. तिघेही त्यांच्याइतकेच हुशार होते. पुढे त्यांतला एक दारूपायी अकाली गेला, एकाचे आयुष्य बव्हंशी तुरुंगात सरले, तर एक मनोरुग्णालयाच्या फेऱ्या मारीत राहिला. बुद्धी सारखी असूनही असे का व्हावे? कोमर यांना उत्तर सापडले ते असे की, त्यांच्या घराचा आणि शाळेचा धागा जुळलेला होता. त्या तिघांचा जुळलाच नव्हता.

तरीही न्यू हेवनमधील पहिले वर्ष अत्यंत कठीण गेले. तज्ज्ञ मंडळी आली, नव्या कल्पना आल्या, पण शाळेत अव्यवस्थाच वाढली. पालकांनी उघड निषेध केला. विद्वत्ता आणि सदिच्छा असली म्हणजे विश्वास आपोआप मिळतो, हा भ्रम तेथेच गळून पडला.

त्यानंतर जी पद्धत हळूहळू आकारास आली ती साधी होती. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या नेतृत्वाखाली एक व्यवस्थापन मंडळ झाले. त्यात शिक्षक, पालक, मानसिक आरोग्याचा जाणकार आणि शिक्षकेतर कर्मचारी एकत्र बसू लागले. त्यांनी काही पथ्ये ठरविली. दोष कोणाचा, हे शोधीत न बसता अडचण कशी सुटेल ते पाहायचे. मतदान न घेता एकमताने निर्णय करायचा. कारण मतदानात कोणीतरी हरतो, आणि हरलेला मनापासून साथ देत नाही. मंडळाने मुख्याध्यापकांचे हात बांधायचे नाहीत, आणि मुख्याध्यापकांनीही मंडळाला केवळ होकारापुरते वापरायचे नाही.

पालकांच्या सहभागाच्या तीन पायऱ्या होत्या. पहिली सर्वांसाठी: स्नेहभोजन, नाताळचा कार्यक्रम, मुलांचे कौतुक. तक्रार ऐकण्यासाठी नव्हे, तर आनंदासाठी शाळेत येण्याचे ते निमंत्रण होते. दुसऱ्या पायरीवर काही पालक थोड्या मानधनावर वर्गात अर्धवेळ मदतनीस झाले. तिसऱ्या पायरीवर पालकांनीच निवडलेले काही जण व्यवस्थापन मंडळावर आले. सुरुवातीला नाताळच्या कार्यक्रमाला मोजकीच माणसे येत. पुढे सभागृह भरू लागले.

कोमर यांनी सांगितलेला एक प्रसंग येथे सांगावासा वाटतो. दूरच्या खेड्यातून आलेल्या आठ वर्षांच्या एका मुलाला त्याची मावशी शाळेत सोडून गेली. अनोळखी वर्ग पाहून तो बिथरला, बाईंच्या पायावर लाथ मारून पळत सुटला. एरवी त्याला शिक्षा झाली असती. या वेळी शिक्षकांनी त्याच्या बाजूने विचार केला: घर सुटलेले, माणसे परकी, तो भ्यायला होता. त्यातूनच नव्या मुलांच्या स्वागताची पद्धत सुरू झाली. पुढे एकच शिक्षक दोन वर्षे त्याच मुलांबरोबर ठेवण्याचाही निर्णय झाला.

फळ दिसायला वेळ लागला. बाल्डविन शाळा मध्येच प्रकल्पाबाहेर पडली. तिच्या जागी ब्रेनन ही तशाच परिस्थितीतील शाळा आली. वस्ती तीच, गरिबी तीच. पण १९८४ पर्यंत चौथीच्या परीक्षेत या दोन शाळा शहरात तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकावर पोहोचल्या. पुढे ही पद्धत अमेरिकेतील एक हजाराहून अधिक शाळांत गेली.

मात्र सर्वत्र तेच यश लाभले नाही. मेरीलँड राज्यातील प्रिन्स जॉर्जेस परगण्यातील शाळांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा ही योजना स्वीकारलेल्या आणि न स्वीकारलेल्या शाळांत फारसा फरक आढळला नाही. अनेक ठिकाणी योजना पूर्णपणे रुजलीच नव्हती. मंडळे स्थापन करता येतात, विश्वास मात्र हळूहळू कमवावा लागतो.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांसाठी व्यवस्थापन समिती सांगितली. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात, अशी तरतूद आहे. ती स्तुत्य आहे. परंतु समितीत बसलेल्या मासे विकणाऱ्या किंवा धुणीभांडी करणाऱ्या आईला बोलण्याचे बळ कायदा देत नाही. ते शाळेनेच द्यायचे आहे.

न्यू हेवनच्या इतिहासाकडे पाहताना मला स्वतःलाच विचारावेसे वाटते: मुलाने काही आगळीक केलेली नसताना, फी थकलेली नसताना, आम्ही किती पालकांना शाळेत बोलावले? मॅगी कोमरसारखी एखादी आई आपल्याही शाळेच्या फाटकाशी, पदर सावरीत, आत यावे की न यावे या विचारात उभी असेल. शाळेचा उंबरठा उंच आहे हे ठाऊक असलेल्यांनीच तो आधी ओलांडून तिच्यापर्यंत जायला हवे.